फिकट कडा

त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या नळीवाल्याने काचेच्या दोन पट्ट्या चिमट्यांत धरून तिच्यापुढे केल्या आणि विचारलं, "मॅडम, यातली कुठली टाकून द्यायची?" तिने खिडकीकडे तोंड करून, नेहमीच्या सवयीने मान जराशी तिरकी करून पाहिलं. रात्रभर रंगात बुडून राहिलेल्या पट्ट्या. दोन्हींवरचा थर गडद लाल झालेला, एकसारखा, कुठे डाग नाही की ओरखडा नाही. "कुठलीच नाही," ती म्हणाली, "दोन्ही छान आहेत." नळीवाला हसला. तिने थट्टा केली असं त्याला वाटलं असावं. मग तिचा चेहरा पाहून तो हसायचा थांबला. "अहो, ही डावीकडची बघा ना. कडेला रंग धरलाच नाहीये. चांगली नखाएवढी जागा फिकट राहिलीय." तिने पट्टी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. कडेला काहीच नव्हतं. म्हणजे तिला काहीच दिसत नव्हतं. "हो हो," ती म्हणाली, "आत्ता दिसलं." आणि तिने डावीकडची पट्टी टाकाऊच्या डब्यात टाकली. खोटं बोलताना आपला आवाज किती सहज निघाला याचंच तिला पुढचा तासभर आश्चर्य वाटत राहिलं.

या खोलीत तिच्या डोळ्यांना मान होता. यंत्रं पुष्कळ होती, पण प्रत्येक पट्टी यंत्राला दाखवत बसलं तर कामच पुढे सरकणार नाही, म्हणून आधी डोळ्यांनी चाळून घ्यायचं. ते चाळणं तिचं. पद्धत तशी साधी होती. टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी, जिचा एकेक कण इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही तो दिसू नये, तिची लापशी करायची, काचेवर ती पातळ पसरायची, भट्टीत भाजायची. भट्टीतून निघताना तो थर खडूसारखा पांढरा असतो, आणि आतून स्पंजासारखा पोकळ. मग तो रंगात बुडवायचा. रंग कणाकणाला चिकटून बसतो. ऊन पडलं की रंगातून एक इलेक्ट्रॉन सुटतो, पांढऱ्या कणात उडी मारतो आणि या कणावरून त्या कणावर चाचपडत काचेपर्यंत जातो. ती वीज. पुष्कळसे इलेक्ट्रॉन वाटेतच अडकतात, काही मागे फिरतात. म्हणून नळीवाल्याने कण सोडून त्याच टायटॅनियमच्या उभ्या नळ्या वाढवायला घेतल्या होत्या, केसाहून कितीतरी बारीक, एकीला लागून एक. म्हणजे चाचपडायला नको, सरळ वाट. त्या नळ्यांच्या पट्ट्या तो स्वतःच चाळायचा. त्यावरून त्याचं नाव नळीवाला पडलं आणि तिचं कणवाल्या बाई. गेलं वर्षभर कण आणि नळ्या यांची तुलना चालली होती आणि तिचे कण महिन्यामहिन्याने मागे पडत होते. का पडतात ते कोणालाच कळत नव्हतं. विभागप्रमुख हल्ली तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत. "कणांचं काम आता हळूहळू आवरतं घेऊ या का?" असं त्यांनी गेल्या बैठकीत विचारलं होतं, एखाद्या आजाऱ्याला विचारावं तसं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने टाकाऊचा डबा उघडला, ती पट्टी काढून यंत्राखाली धरली. कड फिकट होती. यंत्राने तसं निर्विकारपणे सांगितलं. मग तिने कपाटातल्या जुन्या पट्ट्या काढल्या, तिने स्वतः पास केलेल्या, आणि एकेक करून लावत गेली. कालच्या ठीक निघाल्या, परवाच्यांत एक फिकट, गेल्या महिन्यातल्या कितीतरी. तिच्या कणांना काही झालेलं नव्हतं. अर्धवट रंगलेल्या पट्ट्या ती चांगल्या म्हणून पुढे पाठवत होती आणि त्या बिचाऱ्या उन्हात कमी पडत होत्या. ती खुर्चीत बसली. एक डोळा झाकून तिने समोरची भिंत पाहिली, मग दुसरा झाकून पाहिली. भिंत दोन्ही वेळा सायीच्या रंगाची होती. ही भिंत कोणत्या रंगाची आहे? तिला आठवेना. रंगवताना ती इथेच होती, रंगाऱ्याशी बोललीही होती, पण तो काय रंग लावत होता ते आठवेना. तिला भीती वाटली ती दिसत नाही याची नव्हती. कधीपासून दिसत नाही, याची होती. एखाद्या दिवशी काही तुटलं असतं, पडदा पडला असता, तर निदान त्या दिवसापर्यंतचं सगळं खरं म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. इथे तसा दिवसच नव्हता. मग गेल्या हिवाळ्यात तिने पाहिलेला संध्याकाळचा पिवळा उजेड, जो पाहून ती पुलावर उगाच थांबली होती आणि कोणाला तरी सांगावंसं वाटलं होतं, तो उजेड तरी होता का? की तो तिच्याच डोळ्यांतला पिवळेपणा?

"मोतीबिंदू," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वयाने लहान होत्या आणि फार भरभर बोलत. "दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त. भिंग पिवळट पडत जातं. निळा उजेड नीट आत पोचत नाही, फिक्यातला फरक कळत नाही. माणसाला पत्ताच लागत नाही, कारण सगळंच सारखं बदलत जातं ना. तुमचं वय तसं कमी आहे, पण होतं असं. घाबरायचं काही नाही. उजवा आधी करू. सकाळी यायचं, दुपारी घरी." मग ती बाहेरच्या काउंटरवर गेली. तिथल्या बाईने तारीख दिली, कागद दिले, काय खायचं, काय नाही, केस कधी धुवायचे ते सांगितलं आणि मान वर न करता विचारलं, "सोबत कोण येणार?"

"लागतंच का कोणी?"

"लागतं. डोळ्यावर पट्टी असते, एकटीला सोडत नाही आम्ही. सकाळपासून बसून राहायचं आणि घरी न्यायचं. घरचं कोणीही चालेल."

"येईल," ती म्हणाली.

त्या दिवशी ती बसने गेली नाही, चालत निघाली. वाटेत तिने मनात माणसं लावून पाहिली, जशी काचेची वीज वाहणारी बाजू शोधताना दोन्ही बाजूंना मीटर लावून पाहायचा असतो. भाऊ दूरच्या गावी. त्याला सांगितलं तर तो येईल, नक्की येईल, पण रजा टाकून, वहिनीला सांगून, आणि पुढे कितीतरी वर्षं घरात 'तेव्हा मी आलो होतो' असा एक विषय होऊन बसेल. समोरच्या दारातल्या शेजारीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांच्याशी तिचं बोलणं जिन्यातल्या दिव्यापुरतं होतं. दिवा गेला की त्या सांगत, आला की ती सांगत. मैत्रिणी होत्या. त्या खरं तर नवऱ्याच्या मित्रांच्या बायका होत्या, आणि नवरा परदेशी गेल्यावर त्या हळूहळू आपल्या नवऱ्यांबरोबर निघून गेल्या. एखाद्या सकाळी उठून, दवाखान्यातल्या बाकावर, हातात तिची पर्स धरून कोण बसेल? तिने पाहिलं की ती पुलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभी आहे आणि घराचा रस्ता मागेच राहिला. नदीपलीकडच्या या बाजूला ती बऱ्याच वर्षांत आली नव्हती. इथून दोन वळणं घेतली की सासूबाईंचं घर. निदान तेव्हा तरी होतं.

नवऱ्याशी तिचं भांडण असं झालंच नाही. त्याला परदेशात नोकरी लागली, तो पुढे गेला, आणि ती म्हणाली, प्रयोगांचा हा एक संच संपला की येते. मग दुसरा संच आला. फोनवर तो विचारायचा, "झालं का तुझं?" आणि ती म्हणायची, "होत आलंय." एकदा त्याने विचारलंच नाही. पुढच्या वेळी म्हणाला, "आता राहू दे." इतक्या हळू, इतक्या नीट गोष्टी सुटत गेल्या की कुठल्या क्षणी सुटल्या ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशीसुद्धा दोघं एकमेकांना "बस, पाणी घे" म्हणत होती. त्याची आई मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. "तिथे जाऊन मी काय करू, खिडकीत बसून बर्फ मोजू?" असं म्हणून त्या नदीपलीकडच्या आपल्या दोन खोल्यांत राहिल्या. सुरुवातीला ती सुट्टीच्या दिवशी सासूबाईंकडे जायची. घरात तिच्या कामाबद्दल खोदून विचारणारं माणूस तेवढं एकच होतं. नवऱ्याला त्याचा कंटाळा होता, पण सासूबाई पाय वर घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, शास्त्रीणबाई, सांगा." नवरा इथे असतानाच एकदा तिने त्यांना सांगितलं होतं की ही पांढरी भुकटी काही जगावेगळी नाही, भिंतींच्या रंगात असते, दातांच्या पेस्टमध्येही असते. सासूबाईंनी डोळे मोठे केले. "म्हणजे तू भिंतीचा रंग आणि दातांची पेस्ट कालवून वीज काढतेस? आणि याला सरकार पगार देतं?" दोघी किती हसल्या होत्या, नवरा आतून बघायला आला होता काय झालं म्हणून. मग त्याने दुसरं लग्न केलं. ती एकदा नेहमीसारखी गेली, बसली, आणि आपण इथे कोण म्हणून बसलो आहोत ते तिला कळेना. त्या बाईंना 'आई' म्हणायचं तरी कसं, आणि 'काकू' म्हणायचं म्हणजे तर तोंडच वाकडं होईल. त्या दिवशी ती तासभर एकही हाक न मारता बोलली. नंतर गेली नाही. फोन यायचे, ती उचलायची नाही. राग नव्हता. पण बोलण्याआधी क्षणभर थांबायची त्या घरातल्या सगळ्यांना सवय होती, त्यालाही आणि त्यांनाही, आणि तो थांबा तिला पुन्हा ऐकायचा नव्हता. हळूहळू फोन यायचे थांबले.

ती पुलावरून परत फिरली.

दुसऱ्या दिवशी तिने नळीवाल्याला सगळं सांगितलं. सांगताना तिने पट्ट्यांचा गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला, चांगल्या एकीकडे, फिकट कडेच्या एकीकडे. फिकट गठ्ठा उंच होता. "यातलं काहीच धरता येणार नाही," ती म्हणाली. "कणांचं सगळं पुन्हा करायला लागेल." तिला वाटलं तो चिडेल, तुलनेत त्याच्या नळ्या पुढे होत्या त्या काही उगाच नव्हे असं म्हणेल. तो बराच वेळ पट्ट्या उलटसुलट करत राहिला. "म्हणजे मी एवढे दिवस आंधळ्या कोशिंबिरीत जिंकत होतो होय," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "माफ करा हं. तसं नव्हतं म्हणायचं मला." तिला हसू आलं. खूप दिवसांनी कोणीतरी तिच्याशी न सांभाळता बोललं होतं. विभागप्रमुखांकडे दोघं मिळूनच गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले की ठीक आहे, तुम्ही बऱ्या होऊन या, मग पुन्हा बघू. बाहेर आल्यावर नळीवाल्याने विचारलं, "ऑपरेशनला कोणी आहे ना तुमच्याबरोबर? नाहीतर मी..."

"आहेत," ती पटकन म्हणाली.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तिला जरासं सुटल्यासारखं ऐकू आलं. किंवा ते तिलाच हवं होतं. तो आपल्या नळ्यांकडे गेला. ती व्हरांड्यात उभी राहिली. 'आहेत' असं आदरार्थी तिने कोणाला धरून म्हटलं? तोंडातून शब्द निघताना समोर कोणाचा चेहरा होता? ती उगाच जिना उतरून खाली गेली, पुन्हा वर आली. मग जिन्याच्या वळणावर उभी राहून तिने फोन लावला. नंबर बदलला असेल असं तिला वाटलं, बदललेला असावा असंही वाटलं.

"हॅलो," पलीकडून आवाज आला, आणि मग तो थांबा. "कोण?"

"मी बोलतेय."

"मी कोण?"

तिला स्वतःचं नाव सांगता येईना. नावाने त्यांनी तिला कधी हाक मारलीच नव्हती. "शास्त्रीणबाई," ती म्हणाली.

"अगं!" सासूबाई म्हणाल्या. "काय झालं? कोणाला काही झालंय का?"

"नाही, नाही. कोणाला काही नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदूचं."

"तुझ्या? तुझं वय काय!"

"झालंय आता वय. बुधवारी आहे. ते म्हणतात सोबत कोणीतरी लागतं. तसं काही काम नसतं, नुसतं बसायचं असतं. तुम्हाला जमणार नसेल तर—"

"किती वाजता यायचं तेवढं सांग," सासूबाई म्हणाल्या.

बुधवारी ती दवाखान्यात पोचली तेव्हा दार अजून उघडायचं होतं आणि बाहेरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. त्या लहान झाल्या होत्या. तिच्या मनात त्या अजून दारात उभ्या राहिल्या की दार भरून जायचं तेवढ्याच होत्या. काय बोलायचं ते तिने बसमध्ये ठरवलं होतं, पण सासूबाईंनी तिच्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "बारीक झालीस. काही खाल्लंयस का?" "खायचं नसतं," ती म्हणाली. "हो, खरंच की," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून अर्धवट बाहेर काढलेला डबा पुन्हा आत ढकलला. आत काउंटरवरच्या बाईने विचारलं, "सोबत?" सासूबाईंनी हात वर केला. बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. नेणार कोण आणि नेलं जाणार कोण अशा नजरेने. "तुम्ही यांच्या कोण?" सासूबाई म्हणाल्या, "नातं मग सांगते, आधी एक खुर्ची द्या. गुडघे बोलायला लागलेत." बाई हसून उठली आणि कागदावरची ती जागा कोरीच राहिली.

ऑपरेशन म्हणजे तिला एवढंच आठवतं की चेहऱ्यावर कापड होतं, एका भोकातून उजेड येत होता, आणि त्या उजेडाला कडा नव्हत्या. पाणी येत होतं, त्यात रंग तरंगत होते, असे रंग की ज्यांना नावं नव्हती. डॉक्टरीणबाई कोणाशी तरी आपल्या मुलाच्या शाळेबद्दल बोलत होत्या. तिला वाटलं, आपल्या डोळ्यातलं इतक्या वर्षांचं पिवळं भिंग आत्ता, या क्षणी, कोणीतरी फोडून ओढून काढतंय, आणि त्यातून पाहिलेलं सगळं, त्याचं जाणं, पूल, पट्ट्या, कुठल्यातरी नळीतून वाहून चाललंय. रडू येईल असं तिला वाटलं, पण डोळा तिच्या ताब्यात नव्हता. दुखलं मात्र काहीच नाही. बाहेर आणलं तेव्हा सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी तिची पर्स धरली होती.

टॅक्सीत सासूबाई ड्रायव्हरला सारख्या "हळू, हळू, आत पेशंट आहे" म्हणत राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी तिला कॉटवर बसवलं, स्वतः ओट्याकडे गेल्या आणि कपाटं उघडायचा सपाटा लावला. "साखर कुठे ठेवतेस?"

"मी घेत नाही हल्ली. घरात नाहीये."

"मी घेते ना," सासूबाई म्हणाल्या, चपला घातल्या आणि तिने थांबवायच्या आत दार ओढून गेल्या. ती एका डोळ्याने दाराकडे पाहत बसली. जिना अंधारा होता, कठडा एका ठिकाणी सुटलेला होता, खाली रस्त्यावर गाड्या थांबत नाहीत. सोबत म्हणून आलेली बाई पेशंटला टाकून साखर आणायला गेली होती आणि पेशंट तिच्या काळजीने कॉटच्या कडेला सरकून बसली होती. तिला उठून जावंसं वाटलं, पण वाकायचं नाही, जिना उतरायचा नाही असं बजावलं होतं. आपण कोणाची तरी वाट पाहतो आहोत, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. या खोलीत तिने कोणाची वाट पाहिलीच नव्हती. मग जिन्यात धापा ऐकू आल्या, मधे थांबत, पुन्हा येत.

चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, "थेंब वेळच्या वेळी घाल, आळस करू नकोस. आणि उद्या पट्टी काढली की घाबरू नकोस, सगळं फार उजळ दिसतं. मला पहिल्या दिवशी वाटलं, कोणी ट्यूब लावून ठेवलीय की काय."

"तुमचं झालंय?"

"दोन्ही. कधीच."

तिने कप खाली ठेवला. "मला कळवलं नाहीत."

"फोन केला होता. तू कामात असशील."

खिडकीखालून कोणी जोरात हाका मारत गेलं. तिला पुढचं विचारायचं नव्हतं, पण तिने विचारलं. "सोबत कोण होतं?"

"सोबत?" सासूबाईंनी बशीतला चहा फुंकला. "मी सांगितलं, सून खाली गाडी लावतेय. ते म्हणाले, बरं, वर आली की इथे बसवा. मग माझा नंबर आला, म्हणाले, येईलच. बाहेर आणलं तेव्हा परत विचारलं. म्हटलं, आत्ताच होती, औषधं आणायला गेली. तेवढ्यात त्यांचा दुसरा पेशंट आला, मी आपली उठले आणि टॅक्सी केली." त्या हसल्या. "दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तर त्यांनीच विचारलं, आज पण सूनबाई गाडी लावतायत का? म्हटलं, काय करणार, आमच्याकडे गाडी लावायला जागाच मिळत नाही. आणि तिला वेळ कुठे असतो. प्रयोगशाळेत असते ती, उन्हातून वीज काढते."

बोलण्यासारखं काही असतं तर ते तिने पूर्वीच बोलायला हवं होतं. सासूबाईंनी बशी रिकामी केली, उठल्या, आणि थेंबांची बाटली शोधायला लागल्या. रात्री त्या तिथेच राहिल्या. कॉट त्यांना दिली आणि ती खाली गादीवर झोपायला गेली, तर त्यांनी तिला उठवून वर घातलं, आणि त्या गादीवर आडव्या होताच घोरायलाही लागल्या.

सकाळी दवाखान्यात पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी बोटं मोजायला लावली, ती मोजली. पण ती बोटांकडे पाहत नव्हती. त्यांच्या मागची भिंत, कागद, पडदा, सगळं धुऊन नुकतंच वाळत घातल्यासारखं होतं. बाहेर आल्यावर तिने सासूबाईंकडे नीट पाहिलं. त्यांचे केस पिवळट नव्हते, पांढरे होते, भट्टीतून काढल्यावर पट्टी असते तसे स्वच्छ पांढरे. चेहऱ्यावर इतक्या रेषा होत्या की काल आपण कोणाशी बोलत होतो असं तिला वाटलं. आणि त्यांचा स्वेटर, जो काल दिवसभर राखाडी होता, तो फिक्या जांभळ्या रंगाचा होता. "हा जांभळा आहे," ती म्हणाली. "मग?" सासूबाई म्हणाल्या. "तुला काय वाटलं?" परतताना तिने एकदा उजवा डोळा झाकून पाहिलं. रस्ता पुन्हा मळका, ओळखीचा झाला. तिने तो लगेच उघडला.

घरी पोचतात तो नळीवाल्याचा फोन आला. "काल तुमची लापशी काचेवर पसरून नव्या पट्ट्या केल्या मी," तो म्हणाला. "हात तुमच्याइतका सफाईदार नाही, पण चालतील. भट्टीतून निघाल्यात. रंगात मात्र घातल्या नाहीत. तुम्ही आल्यावर घाला." मग जरा थांबून, "सगळं ठीक झालं ना? घरचे आहेत ना तुमच्याजवळ?" तिने कॉटकडे पाहिलं. सासूबाई गुडघे दाबत बसल्या होत्या. "आहेत," ती म्हणाली, आणि या वेळी त्या शब्दाला वजन होतं.

दुपारी सासूबाई जायच्या होत्या. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. ती ओट्यापाशी त्यांचा डबा धूत होती तेव्हा कॉटवर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला नाही. कमी ऐकू येत असल्यामुळे त्या तो तोंडासमोर धरून मोठ्याने लावत. आधी तो थांबा आला. मग त्याचा आवाज खोलीत आला. बदलला नव्हता, थोडा जाड झाला होता, एवढंच. "आई, काय करतेस? काल फोन उचलला नाहीस." सासूबाई म्हणाल्या, "झोपले होते रे." "तब्येत बरी आहे ना? गोळ्या घेतेस ना?" "घेते." मग तो म्हणाला, "पाण्याचा आवाज कसला येतोय? कुठे आहेस तू?"

तिने हात पुढे करून नळ अगदी हळू बंद केला. डबा हातातच राहिला, त्यातून पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं, तरी ती हलली नाही.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी चपला पायांनीच बाजूला सारल्या, एकेक गुडघा हाताने उचलून दोन्ही पाय कॉटवर घेतले आणि भिंतीला टेकून बसल्या.

"घरीच आहे," त्या म्हणाल्या. "कुठे जाणार मी?"